आर-१५ नुसती लांबून बघू नका. शोभेच्या वाटणाऱ्या बारीकसारीक गोष्टी नेमकं काय काम करतात, जाणून घ्या

गावात नवी स्पोर्ट बाईक आली की चौकात तिच्याभोवती कोंडाळं जमतं. पहिला प्रश्न ठरलेला, "किती पळते?" दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" तिसरा, "कितीला पडली?" एवढं झालं की दोघं-तिघं तिच्यावर बसून फोटो काढतात आणि विषय संपतो. गाडी मात्र कुणी बघितलेली नसते.

हे मी इतरांना नावं ठेवायला लिहीत नाही. मीही त्यातलाच. मागच्या महिन्यात पुतण्यासाठी जुनी यामाहा आर-१५ बघायला तालुक्याला गेलो होतो. सोबत ओळखीचे मिस्त्री होते. मला वाटलं आता हे गाडी चालू करतील, रेस देतील, एक चक्कर मारतील. तर मिस्त्रींनी चावीला हातसुद्धा लावला नाही. मोबाईलची बॅटरी लावली, उकिडवे बसले आणि पुढच्या चाकापासून मागच्या नंबर प्लेटपर्यंत अर्धा तास नुसती गाडी बघत होते. बैल घेताना जाणता माणूस आधी दात, खूर, खांदा बघतो ना, अगदी तसं. मधेच मला म्हणायचे, "दादा, हे बघा काय डोकं लावलंय."

त्या अर्ध्या तासात जे कळलं आणि नंतर वाचून, विचारून जे पक्कं केलं ते इथे देतोय. गावागावात आता अशा गाड्या आहेत. बहुतेक जुन्या घेतलेल्या, दोन-तीन हात बदललेल्या. त्यामुळे कुठली गोष्ट शोभेची आणि कुठली जिवाची, हे कळलेलं बरं.

आधी गाडीची ओळख

आर-१५ आपल्याकडे २००८ साली आली. आकाराने छोटी, पण तोंडवळा यामाहाच्या मोठ्या आर-१ सारखा. ही आर-१ म्हणजे १९९८ साली निघालेली जवळपास हजार सीसीची गाडी. पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, पुढून पूर्ण फायबर आणि वाकून धरायचं हँडल, हे दीडशे सीसीच्या गाडीत आपल्या लोकांना नवीनच होतं. पहिल्या आर-१५ चं मागचं टायर फक्त १०० मिलिमीटर रुंदीचं होतं. पोरं त्याला हसायची, "पुढून वाघ, मागून शेळी." २०११ च्या व्ही-२ मध्ये ते १३० झालं आणि सीट दोन तुकड्यांची झाली. २०१८ च्या व्ही-३ मध्ये टायर १४० चं आणि इंजिन १५५ सीसीचं झालं. २०२१ ला व्ही-४ आली, तिचे पुढचे शॉकअप उलटे आहेत, म्हणजे जाड भाग वर आणि चकाकता दांडा खाली.

आमच्या वयाच्या लोकांची यामाहा म्हणजे आरएक्स १००. ती १९८५ पासून १९९६ पर्यंत मिळाली, आणि अजून कुणाच्या तरी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली सापडते. तिच्यावर लिहायला बसलो तर हा लेख संपायचा नाही, म्हणून पुढे जाऊ.

टाकीवरचा यामाहाचा गोल शिक्का मात्र एकदा नीट बघा. आत तीन काटे एकमेकांवरून गेलेले दिसतात. बऱ्याच जणांना ते चाकाचे आरे वाटतात. ते नादकाटे आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरावर आपटून कानाला लावायचो तेच. तोराकुसू यामाहा नावाच्या माणसाने १८८७ साली जपानमधल्या हामामात्सू गावात एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, म्हणजे आपल्या हार्मोनियमच्या कुळातलं वाद्य. तिथून वाद्यांचा कारखाना उभा राहिला. मोटारसायकलची वेगळी कंपनी १९५५ ची. वाद्यांच्या जोडीला गाडी आली, पण शिक्का नादकाट्यांचाच राहिला.

तोंडाकडून सुरुवात

व्ही-४ समोरून बघितली तर दोन बाजूंना दोन तिरप्या पट्ट्या पेटलेल्या दिसतात. लोकांना वाटतं ते हेडलाईट आहेत. ते नाहीत. त्या पट्ट्या समोरच्याला तुम्ही दिसावेत म्हणून. रस्त्यावर उजेड पाडायचं काम मधल्या छोट्या गोल भिंगाचं. हवा आत घ्यायच्या खिडकीसारख्या दिसणाऱ्या जागेत ते बसवलंय, म्हणून चटकन ध्यानात येत नाही. एकाच भिंगातून लो आणि हाय दोन्ही निघतात. लो वर असताना उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. त्या कडेमुळेच समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. पोरं खालून वेगळे पांढरे एलईडी लावतात तेव्हा त्यांना कड नसते, आणि समोरचा सायकलवाला आंधळा होतो.

आणि हो, दिवसा लाईट चालू दिसली म्हणून हाताने खूण करायची सवय आता सोडायला पाहिजे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींची लाईट इंजिनासोबत चालूच राहते, बंद करायचं बटनच नसतं. तरी आमच्याकडे अजून दर दोन किलोमीटरला एक आजोबा पंजा उघडझाप करून सांगतातच.

इंडिकेटरच्या देठाला हळूच वाकवून बघा. तो रबरी असतो. गाडी उभी असताना म्हैस घासून गेली तरी तो वाकतो आणि परत जागेवर येतो, तुटत नाही. बाजारातले बारीक एलईडी इंडिकेटर कडक देठाचे असतात आणि पहिल्याच धक्क्यात लोंबकळतात.

हँडलच्या दोन्ही टोकांना लोखंडी बोंडं असतात. सुताराने दांडीला टोपण घालावं तसं वाटतं. ते वजन आहे. एका सिलेंडरच्या इंजिनाचा कंप हँडलच्या नळीतून हाताला येतो, टोकाला वजन असलं की तो कमी होतो. एक बोंड पडलं तर लांब गेल्यावर त्या हाताला मुंग्या येतात, आणि माणूस क्लच केबल बदलत बसतो. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरच्या टोकाला गोळी असते, तिचं काम आणखी साधं आहे. पडल्यावर लिव्हरचं टोक अंगात घुसू नये म्हणून ती असते. रंगीत फॅन्सी लिव्हर घेताना आधी टोक बघा.

उजव्या हाताला पुढच्या ब्रेकच्या ऑईलची डबी आहे. तिच्या अंगाला छोटी काचेची खिडकी आणि शेजारी एक रेघ. ऑईल रेघेच्या खाली गेलं तर दोनच अर्थ. एक तर ब्रेकपॅड झिजलेत, पॅड झिजले की तेवढं ऑईल खाली उतरतं. नाहीतर कुठेतरी गळतंय. दोन्हीत वरून नुसतं ऑईल ओतून भागत नाही. झाकण न उघडता, हात काळे न करता एका नजरेत ब्रेकची तब्येत कळते. मला सगळ्या गाडीत ही खिडकी फार आवडली.

पोटातला पंखा आणि बोअरचं पाणी

पुढच्या चाकामागे जाळीसारखं दिसतं ते रेडिएटर. फायबरला बाजूने ज्या फटी आणि खाचा आहेत त्यांना पोरं "डिझाईन" म्हणतात. समोरून आलेली हवा रेडिएटरमधून जाते आणि गरम होऊन त्याच फटींतून बाहेर पडते. म्हणजे ती गाडीची नाकं आहेत. फटीवर स्टिकर चिकटवणं म्हणजे बैलाच्या नाकाला पोतं बांधण्यासारखं.

आपल्या भागात या रेडिएटरचे दोन वैरी आहेत. एक वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाईप. रेडिएटरची पाती कागदासारखी पातळ असतात. जवळून जोरात पाणी मारलं की ती आडवी पडतात आणि हवा जायची वाट बंद होते. उसाचं पाचट, चिखल, किडे अडकले असतील तर लांबून हलक्या धारेने धुवावं, किंवा दात घासायच्या जुन्या ब्रशने पात्यांच्या दिशेने, आडवं नाही.

दुसरा वैरी म्हणजे बोअरचं पाणी. कूलंट कमी झालं की लोक सरळ बोअरचं पाणी ओततात. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना मी वेगळं काय सांगू? ड्रीपर का चोक होतात, पांढरे थर कसे बसतात हे आपण दरवर्षी बघतो. रेडिएटरच्या नळ्या ड्रीपरसारख्याच बारीक असतात, आणि त्यात ॲसिड सोडून धुवायची सोय नाही. कूलंटची जादा टाकी असते, तिच्यावर कमी आणि पूर्ण अशा दोन खुणा असतात. गाडी गार असताना पातळी त्या दोन खुणांमध्ये पाहिजे. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण मात्र कधी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, कुकरसारखं उडतं.

टाकीच्या झाकणाशेजारचं भोक

हे मला आधी माहीतच नव्हतं. टाकीचं झाकण उघडलं की तोंडाभोवती एक गोल खोलगट जागा दिसते आणि तिच्यात एक बारीक भोक. मला वाटलं पेट्रोलचंच काहीतरी असेल. मिस्त्री म्हणाले, "हे पावसाचं पाणी काढून द्यायचं. आतून नळी आहे, खाली जमिनीवर सोडलीय."

झाकण टाकीच्या पातळीत बसवलेलं असतं, दिसायला सुंदर. पण त्यामुळे पावसाचं पाणी त्या खोलगटात साठणारच. म्हणून ही चारी काढलीय. शेताला जशी चर लागते तशी. आपल्याकडे धूळ इतकी की दोन उन्हाळ्यांत ते भोक बुजतं. मग पावसाळ्यात झाकणाभोवती पाण्याचं तळं होतं, आणि झाकण उघडलं की ते पाणी सरळ पेट्रोलमध्ये. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसापासून काढलेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. इंजिनाला पेट्रोल मिळतं ते तळातूनच. सकाळी गाडी आचके देते, लोक प्लग बदलतात, इंजेक्टर साफ करतात, पंपवाल्याला शिव्या घालतात. कधीकधी दोष या एका बुजलेल्या भोकाचा असतो. पावसाळ्याआधी त्यात थोडं पाणी सोडून बघा. खाली नळीतून थेंब पडले पाहिजेत. काडी घालायची तर हळू, नळी आतून निसटते.

टाकी ११ लिटरची आहे. तिच्या बाजूचे खड्डे गुडघ्यांसाठी. ब्रेक मारल्यावर अंगाचा भार हातावर न येता मांड्यांनी टाकी धरता यावी म्हणून ते आहेत. वाकून बसायची गाडी मनगटं दुखवते अशी तक्रार असते. ती खरी आहे, पण निम्मा दोष गुडघे बाहेर फाकून बसण्याचा.

आतलं हाड

फायबर काढलं तर आत जाड पट्ट्यांची चौकट दिसते. यामाहा तिला डेल्टाबॉक्स म्हणते. साध्या गाडीला नळ्यांची चौकट असते. इथे हँडलच्या मानेपासून निघालेल्या दोन रुंद पट्ट्या इंजिनाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात आणि मागचा चिमटा जिथे हलतो, म्हणजे स्विंगआर्मच्या खिळ्यापर्यंत, जवळपास सरळ जातात. पुढचं चाक आणि मागचं चाक यांना जोडणारी वाट जितकी सरळ आणि रुंद तितकी गाडी पिळत नाही. बैलगाडीत कणा आणि साठा यांच्यात ढिलेपणा आला की गाडी कशी कण्हते, वळणावर मागचा भाग वेगळाच चालल्यासारखा वाटतो, ते ज्यांनी हाकलीय त्यांना हे लगेच कळेल. ही सगळी चौकट स्टीलची, महागड्या मोठ्या गाड्यांना ती ॲल्युमिनियमची असते.

इंजिनाबद्दल एकच सांगतो, कारण मीटरवरची एक छोटी खूण सगळ्यांना कोड्यात टाकते. व्ही-३ आणि व्ही-४ ला गाडी जोरात ओढली की मीटरवर "व्हीव्हीए" असं उमटतं. काहींना वाटतं गाडीत काहीतरी बिघडलं. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह किती उघडायचे हे कॅम नावाच्या भागाचा उंचवटा ठरवतो. या इंजिनात दोन उंचवटे आहेत, एक कमी आणि एक जास्त. साधारण ७,४०० आरपीएमपर्यंत कमी उंचवट्यावर काम चालतं, म्हणून गावातून हळू जातानाही गाडी गुदमरत नाही. त्यापुढे एक छोटी पिन सरकते, जास्त उंचवटा कामाला लागतो आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात. पाटाला पाणी कमी असेल तर दार थोडं उघडायचं, पाणी वाढलं की पूर्ण. फरक इतकाच की इथे दारावर माणूस नाही.

व्ही-३ पासून क्लचही वेगळा आहे. लिव्हर हलकी लागते, आणि घाईत दोन गिअर एकदम खाली टाकले तरी मागचं चाक एकदम अडकत नाही, क्लच थोडा निसटू देतो. खडीवर, रसवंतीसमोर सांडलेल्या पाण्यावर याची किंमत कळते.

चाकाजवळची गोष्ट, पंक्चरवाल्याने वाचावी अशी

पुढच्या डिस्कच्या आतल्या बाजूला अजून एक लहान कडं दिसतं, त्याला सारख्या अंतराच्या खाचा असतात. दिसायला नक्षी. ते एबीएसचं कडं. शेजारी एक सेन्सर असतो, तो खाचा मोजतो आणि चाक किती फिरतंय हे गाडीच्या मेंदूला सांगतो. ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचं थांबतंय असं दिसलं की ब्रेक क्षणभर सैल करून परत धरला जातो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. म्हणून जुनी व्ही-३ घेताना गाडी २०१८ ची की २०१९ ची हे महत्त्वाचं आहे. २०१८ ला आलेल्या सुरुवातीच्या व्ही-३ ला एबीएस नव्हतं, पुढच्या वर्षी ते दोन्ही चाकांना आलं.

हे कडं पातळ असतं. टायर काढताना चाक जमिनीवर डिस्कच्या बाजूने आपटलं, किंवा पहार चुकीच्या जागी टेकवून जोर लावला, की ते वाकतं. गाडी चालते, ब्रेकही लागतो, फक्त मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा जात नाही. लोक दिव्यावर चिकटपट्टी लावतात! पंक्चरवाल्याला चाक देताना एक जुनं टायर खाली ठेवायला सांगा, म्हणजे डिस्क अधांतरी राहते. आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर टाकलेला चिखल त्या खाचांत वाळून बसतो, तो धुऊन काढा.

टायरच्या बगलेवर एक बाण असतो. टायर कुठल्या दिशेने फिरायला पाहिजे ते तो सांगतो. उलटं बसवलेलं टायर मी स्वतः दोन गाड्यांना बघितलंय. त्याच बगलेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेलं. नक्षी नवी दिसते म्हणून टायर नवं नसतं, उन्हात पडून रबर कडक झालेलं असतं.

मागच्या चिमट्याच्या टोकाला, चेन ताणायच्या बोल्टजवळ, बारीक रेघा आहेत. पट्टीवर असतात तशा. चेन ताणताना डावीकडे जितक्या रेघा मागे, उजवीकडे तितक्याच. नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका अंगाने ओढते. तिफण सारखी धरली नाही तर पाभर कशी वाकडी जाते, तसंच. एवढी साधी सोय गाडीवर कोरून दिलेली असताना आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अंदाजानेच काम चालतं.

साडी गार्ड

आता मुद्द्याची गोष्ट. पुतण्यासाठी बघितलेल्या गाडीला मागच्या चाकाजवळ डाव्या बाजूला रिकामी बोल्टची भोकं होती. मिस्त्रींनी बोट ठेवून विचारलं, "हे कुठंय?" विकणारा पोरगा हसला, "काका, ते काढलं. लूक जातो ना."

भारतात विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट गाडीचा परदेशातला फोटो आणि आपल्याकडची गाडी शेजारी ठेवली तर हा फरक डोळ्यात भरतो. आपल्याकडच्या गाडीला मागच्या चाकाच्या बाजूला एक आडोसा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला जागा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागे बसलेल्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्यापेक्षा कमी नाही इतकं चाक झाकणारं साधन असलंच पाहिजे. जपानी गाडीच्या अंगावर आपल्या बायाबापड्यांच्या पदरासाठी बसवलेला हा एकच भाग. आणि पोरं सगळ्यात आधी तोच काढतात.

मी याबाबत कडक का बोलतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी चुलत बहीण लग्नाहून येत होती, नात्यातल्याच एका पोराच्या मागे बसून. गाडी दुसरी होती, पण गार्ड असाच काढलेला. गतिरोधकाजवळ गाडी हळू झाली होती म्हणून निभावलं. पदर चाकात गेला, ती मागे ओढली जाऊन खाली पडली, हात मोडला. पदर चेन आणि चाकात इतका आवळला होता की शेवटी विळ्याने कापावा लागला. गळ्याभोवती ओढणी असती तर काय झालं असतं याचा मी आजही विचार करत नाही. पोराच्या घरी तो गार्ड नवाकोरा, माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला सापडला.

डिझाईन करणाऱ्यांनाही हा भाग डोकेदुखीच असणार. सगळी गाडी टोकदार, हलकी दिसायला हवी आणि मधेच हा आडोसा. म्हणून ते त्याला काळा रंग देतात, चेनच्या झाकणाच्या रेषेत मिसळतात. लांबून दिसतच नाही. लूक जातो म्हणणाऱ्याने गाडीपासून दहा पावलं लांब उभं राहून बघावं.

मागे बसणाऱ्याच्या बाबतीत आर-१५ कंजूष आहे हे मात्र खरं. मागची सीट उंच आणि इवलीशी, साध्या गाडीसारखं मोठं धरायचं कडं नाही. लोकांची ही अडचण कंपनीलाही कळली असावी, कारण २०१५ साली सलग लांब सीटची आर-१५ एस काढली होती, आणि २०२१ ला व्ही-३ च्या रूपात ती परत आणली. घरची गाडी एकच असणार असेल आणि आई-बायकोला बाजारला न्यायचं असेल, तर जुन्यात एस मिळते का ते आधी बघा. दिसायला थोडी कमी, बसायला बरीच बरी.

नंबर प्लेटचा लांब दांडा आणि त्याखालचा मडगार्ड कापायची फॅशनही अशीच. मागच्या चाकाचा चिखल उडून मागून येणाऱ्याच्या काचेवर जाऊ नये म्हणून तो आहे. तो कापला की चिखल आपल्याच पाठीवर मानेपर्यंत येतो. आणि मागच्या चाकाला चिकटून जो आखूड मडगार्ड असतो, त्याच्यामुळे एकुलत्या एका मागच्या शॉकअपवर खडी-चिखलाचा मारा होत नाही. हा शॉकअप बदलायचा खर्च विचारा एकदा.

जुनी गाडी घेताना हेच भाग बोलतात

मिस्त्रींनी शेवटी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, आणि मानेपाशी बॅटरी मारली. तिथे चौकटीला एक छोटा उंचवटा असतो. हँडल किती वळायचं ते त्याच्यावर अडतं. गाडी समोरून जोरात धडकली असेल तर तो उंचवटा चेपतो किंवा त्याचा रंग उडतो. फायबर नवं घालता येतं, रंग मारता येतो, पण ही जागा कुणी दुरुस्त करत नाही, कारण तिथे कुणी बघत नाही.

तसंच हँडलच्या बोंडांवर, लिव्हरच्या गोळीवर, फूटरेस्टच्या टोकावर एकाच बाजूला ओरखडे असतील तर गाडी त्या बाजूला पडलेली. फायबरच्या बोल्टची डोकी खराब झाली असतील तर ते बऱ्याच वेळा उघडलेलं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीबुकाशी जुळवा, एम-परिवहन ॲपवर गाडी टाकून बघा. आणि सायलेन्सर बदललेला असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या. गाडीत परस्पर केलेल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्यात दंड आहे.

आमच्या गाडीचा मानेचा उंचवटा चांगला निघाला. डाव्या बोंडावर ओरखडे होते, टायर २०१९ चीच होती, रेडिएटरची खालची दोन बोटं पाती आडवी पडलेली. मिस्त्रींनी एकेक मोजून दाखवलं तसा भाव उतरत गेला. पोरगा शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही गाडी घ्यायला आलाय का पोस्टमार्टेम करायला?" सौदा झाला, पण एका अटीवर. गार्ड घरून आणून, बोल्ट लावून मगच पैसे. तो अर्ध्या तासात घेऊन आला.

संध्याकाळी गाडी दारात लागली. वहिनी दोनदा चढायचा प्रयत्न करून म्हणाल्या, "ही सीट आहे का चिमणीचा घरटा?" मग पदर खोचून, पुतण्याच्या खांद्याला धरून बसल्या आणि देवळापर्यंत जाऊन आल्या. पुतण्या आता रोज सकाळी गाडी पुसतो. काल बघितलं तर जुना टूथब्रश घेऊन रेडिएटरपुढे उकिडवा बसला होता, आणि शेजारची दोन पोरं उभी राहून विचारत होती, "भावा, किती पळते?"